हात थांबला की सम हरवते : ऐकतं कोण, कान की अंग?

उशिरा_शिकणारा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय कारण घरात माझं कोणी ऐकून घेत नाहीये.

वय ४६, आयटीत. मुलीला तबल्याच्या क्लासला सोडायला जायचो, तासभर गाडीत मोबाईल बघत बसायचो, तर एकदा सर म्हणाले आत येऊन बसा, आणि मग बसलाच आहात तर शिका. आठ महिने झाले त्याला. त्यातले पहिले तीन महिने सरांनी तबल्याला हात लावू दिला नाही. फक्त टाळी. मांडी घालून बसायचं, तोंडाने ठेका म्हणायचा आणि हाताने टाळी-खाली दाखवायची. बाजूला माझी ११ वर्षांची कन्या धाधातिट वाजवतेय आणि मी बालवाडीतल्यासारखा टाळ्या पिटतोय, असं ते दृश्य.

तर रूपक ताल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : सात मात्रा, ती ती ना धी ना धी ना, तीन-दोन-दोन. याची गंमत अशी की समेवरच, म्हणजे आवर्तन (तालाचं एक चक्र) जिथे सुरू होतं तिथेच, खाली आहे. म्हणजे पहिल्या मात्रेला टाळी नाही, हात उलटा करून बाजूला सोडून द्यायचा, टाळ्या येतात चौथ्या आणि सहाव्या मात्रेला. डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा घुमणारा तबला, पहिल्यांदा घुमतो तोही चौथ्यालाच.

कॉलेजात असताना माझ्याकडे गझलांची एक कॅसेट होती, अक्षरशः झिजवलीये. त्यातली एक रूपकातली गझल मी २५ वर्षं 'धी ना धी ना ती ती ना' अशीच ऐकत आलो. चार-तीन. घुमला तो पहिला ठोका, इतका साधा हिशोब. तर परवा ती गाडीत लागली, सिग्नलला उभा होतो, डावा हात मांडीवर आपोआप सुरू झाला, खाली-टाळी-टाळी, आणि एकदम अख्खं गाणं सरकलं हो. शब्द तेच, चाल तीच, पण 'एक' उचलून दुसरीकडे ठेवल्यासारखा. गायक एका ठिकाणी मुद्दाम उशिरा येतो असं मला इतकी वर्षं वाटायचं आणि ते मी लोकांना कौतुकाने सांगायचोही, तर तो उशिरा येतच नव्हता, बरोबर समेवर येत होता. मागच्याने हॉर्न मारला तेव्हा भानावर आलो.

आता खरी भानगड. हात थांबवला की चार-पाच आवर्तनं नवीन ऐकू येत राहतं, मग हळूच कधीतरी जुनं चार-तीन परत येतं, कळतही नाही कधी आलं. हात चालू केला की पुन्हा नवीन. ते चित्र असतं ना, कधी म्हातारी दिसते कधी तरुणी, तसंच पण कानाचं, आणि बटण हातात.

कानात जाणारा आवाज तर तोच आहे. मग हात हलवून ऐकू येणं कसं बदलेल? बायकोचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

टिपरू

काका कुठला सिग्नल? मागचा हॉर्नवाला मी असायचे चान्सेस आहेत :)

शंकासूर

यात ऐकणं कुठे बदललं? लक्ष बदललं. तुम्ही आधी घुमणाऱ्या ठोक्यापासून मोजत होता, आता तीन मात्रा आधीपासून मोजताय. गाडी तीच, तुम्ही डबा बदललात. उगाच मेंदू, अनुभूती वगैरे कोणी आणू नका प्लीज.

उशिरा_शिकणारा

@शंकासूर, मी मोजत नव्हतोच, अडचण तिथेच आहे. मोजायला लागलं तर जमतच नाही, गाणं निसटतं. हे आपोआप होतं.

पेटीवाला_काका

मी सांगतो माझा अनुभव. मिरजेत तानपुऱ्यांच्या गल्लीच्या आसपास लहानाचा मोठा झालो, तरी वयाच्या १७ व्या वर्षापर्यंत मला तानपुरा म्हणजे एक गोड घूं एवढंच ऐकू यायचं. गुरुजी म्हणायचे खर्जाच्या (सगळ्यात खालच्या सुराच्या) तारेत गंधार, म्हणजे 'ग', बोलतोय बघ. मी मान हलवायचो. शपथेवर सांगतो, काही बोलत नव्हता. पंचम (प) आणि तीन षड्ज (सा) लावलेल्या तानपुऱ्यात गंधार येईल कुठून, असं मनातल्या मनात म्हणायचो.

मग एके दिवशी त्यांनी मला डोळे मिटून अगदी हलका, ओठ बंद ठेवून गंधार लावायला सांगितला, तानपुरा चालू ठेवून. गुणगुणतोय, गुणगुणतोय, मग म्हणाले आता आवाज बंद कर पण गळा तसाच ठेव. आणि तारेतून गंधार आला. मी थांबलो तरी तो चालूच. अंगावर काटा आला होता, ती दुपार अजून आठवते. त्यानंतर आजतागायत तो ऐकू आला नाही असं झालेलं नाही. प्रयत्न केला तरी न ऐकणं जमत नाही.

त्यात चमत्कार काही नाही, तार नुसती एका वेगाने हलत नसते, दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे तिचे तुकडेही हलत असतात आणि तो पाचपटीचा जो असतो तो गंधार. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जीव म्हणजे तो सुताचा दोरा नीट बसला की हे वरचे नाद फुलतात. म्हणजे आवाज हवेत होताच, १७ वर्षं माझ्या कानावर पडतच होता. शंकासूर म्हणतील लक्ष गेलं नव्हतं. पण लक्ष तर रोज देत होतो की हो, कान टवकारून. गळ्याने वाट दाखवल्यावर सापडला.

आणि अवांतर पण सांगतोच. तो गंधार एकदा ऐकू आला की स्वतःच्या पेटीचा गंधार ऐकवत नाही. पेटीचा जवळजवळ १४ सेंट चढा असतो, १०० सेंटचा एक अर्धस्वर धरला तर. आयुष्यभर तीच वाजवून पोट भरलं आणि गेली ५० वर्षं ती मला बेसूर लागते. शिक्षणाचे तोटे.

पिल्लाचीआई

काका काय लिहिलंय! आता यूट्यूबवर तानपुरा लावून बसलेय, गंधार काही येईना. लेक मात्र झोपला.

हॅमिल्टनकर

धागाकर्त्याला उत्तर द्यायला मी बरोबर गावात राहतो, त्यामुळे लांबण लावणार आहे, चहा घेऊन बसा.

कॅनडातलं हॅमिल्टन. इथल्या मॅकमास्टर विद्यापीठात याच विषयावर काम चालतं, त्यांचं एक छोटं कॉन्सर्ट हॉल आहे जे खरं तर प्रयोगशाळा आहे, १०६ खुर्च्यांचं, गाणं ऐकायला बसलेल्या माणसांची हालचाल वगैरे मोजायची सोय आहे तिथे. मी एकदा गेलोय, तालावर पाय हलवताना चोरी केल्यासारखं वाटत होतं.

तर २००५ साली तिथल्या दोन संशोधक बायांनी, फिलिप्स-सिल्व्हर आणि ट्रेनर, ७ महिन्यांच्या बाळांवर एक फार सुंदर प्रयोग केला. एक ताल वाजवला, सहा मात्रांचं चक्र, पण जोर कशावरच नाही. म्हणजे तो दोन-दोन-दोन असाही ऐकता येतो आणि तीन-तीन असाही. आपल्या भाषेत, दादरा म्हणा नाहीतर दोनाच्या चालीचं काहीतरी म्हणा, ठरलेलं काही नाही. हा ताल चालू असताना अर्ध्या बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला कडेवर उचललं-खाली केलं आणि अर्ध्यांना दर तिसऱ्याला. दोनच मिनिटं. मग बाळांना त्याच तालाच्या दोन आवृत्त्या ऐकवल्या, आता जोर देऊन, एक दोनाची आणि एक तीनाची. जी बाळं दोनात उडाली होती ती दोनाची जास्त वेळ ऐकत बसली, तीनवाली तीनाची. आवाज सगळ्यांनी सुरुवातीला एकच ऐकलेला, फरक फक्त उडण्यात.

शंकासूरजी, सात महिन्यांचं पोर मोजत नव्हतं.

यावर लगेच शंका येईल की बाळाने कडेवर घेणाऱ्या बाईला उडताना पाहिलं असेल. तर डोळे बांधून केलं, तरी तेच. उलट बाळाला नुसतं बसवून समोर दुसऱ्या कोणाला उडताना दाखवलं तर काही फरक पडला नाही. स्वतःचं अंग हललं पाहिजे. पुढे मोठ्या माणसांवर केलं, गुडघ्यात वाकून, तिथेही तसंच निघालं. आणि २००९ मध्ये तर अजून कमाल, माणसाला हलवलंच नाही, कानामागे अगदी हलका विजेचा प्रवाह देऊन तोल सांभाळणाऱ्या नसेला असं भासवलं की डोकं हलतंय, दर दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या ठोक्याला, आणि माणसाला ताल तसा ऐकू आला.

घरी करून बघा. फोनवर मेट्रोनोम (एकसारखी टिकटिक करणारं ॲप) लावा, वेग मिनिटाला १८० ठोक्यांच्या पुढे, ॲक्सेंट म्हणजे मधल्या ठोक्यांवरचा जोर बंद. आधी दर दोन ठिकांना एक पाऊल टाकत खोलीत फिरा मिनिटभर, मग उभं राहून ऐका. मग दर तिसऱ्याला डोला, परत ऐका.

रिंगण

हॅमिल्टनकर, हे वाचून मला घाम फुटला राव. मी पंढरपूरकडचा, आमच्या घरात वारी. वडील दिंडीत पखवाजाच्या पुढच्या ओळीत टाळ घेऊन असायचे आणि मी त्यांच्या खांद्यावर, पाच-सहा वर्षांचा असेन. पावली खेळताना दोन पावलं पुढे, एक मागे, मध्येच उडी, ते सगळं मला खालून यायचं. टाळ कानाशी वाजतोय, तो इतका जवळ की नुसता गोंगाट, पण ठेका मला वडलांच्या खांद्यातून कळायचा. आजही भजनी ठेका लागला की पहिलं मानेला कळतं.

पण एक सांगतो, टीव्हीवर पालखीचं थेट प्रक्षेपण लागतं, तेच भजन, तेच सगळं, सोफ्यावर बसून ऐकलं तर मला ते सपाट लागतं. आवाज चांगला येतोय, टीव्ही मोठाय, तरी सपाट. मी इतके दिवस म्हणायचो भक्तीभाव कमी पडतो आपला. आता कळलं सोफ्याचा दोष आहे.

टिपरू

रिंगणदादा +१००. सोफ्याचा दोष आहे :D

घुंगरूवाली

कथक शिकवते, नाशिकला, २२ वर्षं. मला यातलं काहीही आश्चर्याचं वाटलं नाही, आश्चर्य याचं वाटलं की लोकांना हे सिद्ध करावं लागलं.

आमच्याकडे मुलीला तुकडा पायात बसवायच्या आधी पढंत करायला लावतात, हाताने ताल धरायचा आणि तोंडाने बोल. का, तर बोल तोंडात नसेल तर पायातलं ऐकूच येत नाही. घुंगरू शंभर-शंभर असतात एकेका पायात, नवीन मुलीला स्वतःच्या पायाचा फक्त छण्ण असा एक ढीग ऐकू येतो. ता थेई थेई तत करताना तत आणि ता यातला फरक तिला दोन-दोन वर्षं ऐकू येत नाही. मी सांगते टाच लागली नाही, ती म्हणते लागली ताई. खोटं बोलत नसते बिचारी, तिला खरंच ऐकू येत नसतं.

आता तिहाईचं सांगते. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन शेवटचा धा समेवर मारायचा. परीक्षेच्या तयारीत एक मुलगी करत असते, बाकीच्या भिंतीला टेकून बसलेल्या. मी मधूनच थांबवून बसलेल्यांना विचारते, आली का समेवर? ज्या पोरी हाताने ताल धरून बसलेल्या असतात त्या लगेच सांगतात, ताई अर्धी मात्रा आधी पडली. ज्या नुसत्या बघत असतात त्या एकमेकींची तोंडं बघतात. हुशारीचा संबंध नाही, आज जी टेकून बसलीय तीच उद्या ताल धरून बसली की तिलाही कळतं. म्हणून माझा नियमच आहे की बसलेल्यांनी हात चालू ठेवायचा, हात बंद दिसला की उठून ततकार, म्हणजे पायाने ठेका मारत राहायचं.

हॅमिल्टनकर

घुंगरूवालीताई, तुमचा नियम इथे २०१३ मध्ये मोजून झालाय, तुम्हाला क्रेडिट मिळायला पाहिजे होतं!

त्याच विद्यापीठातले मॅनिंग आणि शुट्झ. माणसाला एकसारखे ठोके ऐकवले, मग थोडा वेळ शांतता, आणि मग एक शेवटचा ठोका. तो ठोका बरोबर वेळेवर आला का ते सांगायचं, बस. निम्म्या वेळा ऐकताना हातातल्या काठीने ताल धरायचा, निम्म्या वेळा बिलकूल हलायचं नाही. ताल धरला की ठोका उशिरा पडलेला जास्त अचूक कळला.

पण उशिरा_शिकणारा, तुमच्या थांबलेल्या हाताचं उत्तर पुढच्या प्रयोगात आहे. २०१६ मध्ये त्यांनी हेच तालवादकांवर केलं, म्हणजे वर्षानुवर्षं ड्रम वगैरे वाजवलेले लोक विरुद्ध साधी माणसं. हात हलवायला परवानगी दिली तर तालवादक कितीतरी पुढे. आणि हात बांधून ठेवले तर? दोघं सारखेच! इतक्या वर्षांचा रियाज आणि न हलता ऐकायला बसवलं तर शेजारच्या माणसाइतकाच कान. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत वाचलं.

उशिरा_शिकणारा

थांबा थांबा. म्हणजे मी तीन महिने टाळी शिकलो ती कानात गेलीच नाही? ती हातातच आहे, आणि कान गरज पडेल तेव्हा हाताकडून उसनी घेतो?

हॅमिल्टनकर

निदान वेळेच्या बाबतीत तसं म्हणायला जागा आहे. काकांचा गंधार वेगळा, तो एकदा आला तो राहिलाच.

शंकासूर

आता माझी बाजू ऐका. बाळांचा प्रयोग चांगला आहे, मान्य. मला राग येतो तो यातून पुढे जे दुकान उघडतं त्याचा. आठवतंय ना, १९९३ साली कॉलेजच्या पोरांना मोझार्ट ऐकवला आणि नंतर कागदाच्या घड्या मनात उलगडायच्या कोड्यात थोडे मार्क वाढले, तेही १०-१५ मिनिटांपुरते. त्याचं झालं काय, तर बाळाला मोझार्ट ऐकवा हुशार होईल, अमेरिकेत एका राज्यपालाने १९९८ मध्ये नवजात बाळांना सीडी वाटायला सरकारी पैसे मागितले. प्रयोगात एकही बाळ नव्हतं!

तसंच ते 'संगीत शिकलेल्यांना गोंगाटातलं बोलणं जास्त कळतं'. काही प्रयोगांत फरक दिसला, काहींत दिसला नाही. आणि दिसला तिथेही, ज्याचा कान आधीच बरा तोच पोरगा १० वर्षं क्लासला टिकतो, ज्याला जमत नाही तो क्रिकेटला जातो. मग १० वर्षांनी दोघांची तुलना करून म्हणायचं बघा संगीताने कान सुधारला. आमच्या सोसायटीत एका क्लासची पत्रकं येतात, तबला शिका गणित सुधारा. मी सात वर्षं तबला शिकलो, गणितात ३५.

आणि हो, अंगाचंच कशाला कौतुक, डोळाही ढवळाढवळ करतो. मरिंबा नावाचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य असतं, त्यावर वादकाने ठोका मारून हात लांब झोकदार नेला तर बघणाऱ्याला स्वर लांब ऐकू येतो, हात झटकन आखडला तर तोच स्वर तोकडा. आवाज कापून मोजला तर दोन्ही सारखे. २००७ चा पेपर आहे, हॅमिल्टनकर तुमच्याच गावचा शुट्झ. म्हणजे मैफिलीत बुवा हात लांबवून सूर सोडतात ना, तो किती लांबला ते जरा डोळे मिटून बघत जा.

पेटीवाला_काका

शंकासूरराव, सात वर्षं तबला शिकलात हे इतका वेळ लपवलंत होय :)

बुवांच्या हाताबद्दल मात्र एक. पंडित भीमसेन जोशी गाताना हात, खांदे, मान सगळं घेऊन गायचे, ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. मी त्यांना समोर बसून ऐकलंय आणि रेडिओवरही ऐकलंय. रेडिओवर तान ऐकताना माझा हात वर जातो. म्हणजे डोळ्याने एकदा शिकवलं की पुढे डोळा लागत नाही.

शंकासूर

लपवलं नाही काका, सांगण्यासारखं काही निघालं नाही त्यातून. पण खरं सांगू का, घड्याळाची टिकटिक मला आजही आठ मात्रांत ऐकू येते. सगळे ठोके तंतोतंत सारखे असतात हे माहीत असून. म्हणजे तसं दोनात तर सगळ्यांनाच येते, टिक-टॉक म्हणतात ते काय उगाच, घड्याळ टॉक कधीच म्हणत नाही. पण आठात येते ती त्या सात वर्षांची देणगी. झोप येत नाही रात्री.

ऑडिओताई

उशिरा आले, दवाखान्यात गर्दी होती. मी कान तपासते, मुंबईत. दोन-तीन गोष्टी जोडते.

आतल्या कानात दोन शेजारी राहतात. एक गोगलगायीच्या शंखासारखी कॉक्लिया, ती ऐकते, आणि तिला चिकटून तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन छोट्या पिशव्या, त्या तोल आणि डोक्याची हालचाल सांभाळतात. आतलं पाणी सामायिक, मेंदूकडे जाणारी नसही एकच, आठवी. त्यामुळे चक्कर येते म्हणून आलेल्या पेशंटची आम्ही श्रवणचाचणीही करतो. कडेवर उडणाऱ्या बाळाला ताल आणि उडणं एकाच दारातून येतंय, ते एकत्र बांधलं जाणं मला तरी साहजिक वाटतं.

दुसरं म्हणजे न हलता ऐकलं तरी मेंदूतले हालचालीचे भाग गप्प बसत नाहीत. २००७ मध्ये ग्राह्न आणि ब्रेट यांनी माणसांना एमआरआयच्या बोगद्यात झोपवून ताल ऐकवले, तिथे बोटही हलवायची परवानगी नसते. ठोका नीट सापडेल असा ताल लागला की बेसल गँग्लिया जागे व्हायचे, जे खरं तर हालचाल सुरू करायच्या कामाचे. पार्किन्सन्समध्ये हेच भाग बिघडतात, आणि त्यातल्या बऱ्याच पेशंटना ठेक्यावर चालायला लावलं की पाऊल मोकळं पडतं. एक आजोबा आमच्याकडे यायचे, दारात पाय अडकायचा, सून मागून 'लेफ्ट राईट' म्हणायची की आत.

काकांसाठी खास. त्याच वर्षी रेप आणि नोब्लिख यांनी पियानो वाजवणाऱ्यांना संगणकाने बनवलेले असे दोन स्वर दिले की दुसरा पहिल्यापेक्षा चढा की उतरलेला हे नक्की ठरत नाही. पट्ट्या डावीकडून उजवीकडे दाबल्या की वादकांना ते चढताना ऐकू यायचे जास्त वेळा, उजवीकडून डावीकडे दाबल्या की उतरताना. स्वर तेच.

पेटीवाला_काका

ऑडिओताई, हे मी माझ्या बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली तुम्हाला समोरून पेटी बघणाऱ्याला सगळं उलटं दिसतं, मग त्याला आरोह अवरोह ऐकू यायला हवा. उत्तर द्या.

ऑडिओताई

काकूंना नमस्कार सांगा. त्या प्रयोगात बोटं स्वतःची होती हे माझं उत्तर, पण काकूंचा प्रश्न प्रयोग करण्यासारखा आहे.

टिपरू

सीरियस कमेंट करतो आता. पथकात आहे ६ वर्षं, ढोल. लोकांना वाटतं आम्हाला रस्त्यावरच्यांपेक्षा जास्त ऐकू येतं. उलटं आहे. मध्ये उभं राहिलं की फक्त स्वतःची ओळ आणि कमरेला बांधलेला ढोल पोटात बसतो तेवढं. हात, म्हणजे ठेका, बदलायचा इशारा ताशावाला देतो, त्याची तर्री (ताशाची सलग तडतड) बदलते. नवीन पोरांना ती ऐकूच येत नाही, आम्ही सांगतो समोरच्याचं टिपरू (ढोलाची काठी) बघ. तिसऱ्या सीझनला कधीतरी ऐकू यायला लागते, आणि तेही वाजवत असतानाच. मागच्या वर्षी खांदा दुखत होता म्हणून मी बाहेर उभा होतो, ढोल नाही, आपलंच पथक, आपलाच ताशा, मला बदल पकडता येईना. म्हटलं कान गेले की काय. तो ड्रमवाल्यांचा प्रयोग वाचून जीवात जीव आला.

ऑडिओताई

टिपरू, कान गेले की काय हे तपासून घे म्हणते मी. ट्रेनिंगने मेंदू कितीही तयार झाला तरी कॉक्लियातल्या त्या बारीक केसपेशी सगळ्यांच्या सारख्याच, एकदा मेल्या की परत येत नाहीत. अमेरिकेतलं कामगारांसाठीचं मोजमाप सांगते : ८५ डेसिबलला ८ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २. असं करत १०० ला पोचलास की १५ मिनिटं. तुमच्या रिंगणात किती असतं आणि तुम्ही किती तास वाजवता ते तूच सांग. तालीम झाल्यावर कानात शीं वाजतं का?

टिपरू

...वाजतं. दोन दिवस.

ऑडिओताई

इअरप्लग. फोमचे मेडिकलमध्ये मिळतात, स्वस्त. ढोल तुला पोटातून कळतोच म्हणालास ना, काही बिघडत नाही.

पिल्लाचीआई

रिपोर्टिंग. आमचं पिल्लू ८ महिन्यांचं. लक्षात आलं की मी थोपटते ती दोनात आणि नवरा थोपटतो तीनात, एक मोठी दोन बारीक, तो बारा वर्षं गरबा खेळलाय. मी झोपवलेलं पोर त्याच्याकडे गेलं की किरकिर करतं. आता दोघांचं भांडण आहे की पोराला कुठल्या तालात वाढवायचं.

हॅमिल्टनकर

दोन्हीत वाढवा. शक्य तर सातातही. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या माणसांना बाल्कन देशांतले सात मात्रांचे ताल ऐकवले तर त्यातली मुद्दाम केलेली चूक कळत नाही, तिथल्या लोकांना कळते. ६ महिन्यांच्या उत्तर अमेरिकन बाळांना मात्र दोन्हीकडची कळते. वर्षाचं झालं की ते कमी होतं, पण तेव्हा दोन आठवडे घरी ती गाणी रोज ऐकवली की परत येतं. मोठ्यांना तेवढ्यावर भागत नाही. हॅनन आणि ट्रेहब, २००५.

शंकासूर

४६ व्या वर्षी रूपक धरणाऱ्याला हे सांगणं म्हणजे जखमेवर मीठ.

उशिरा_शिकणारा

मीठ पोचलं. आता शेवटचा रिपोर्ट.

सगळा धागा सरांना दाखवला. त्यांनी शांतपणे वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले हात मांडीखाली घाल. दोन्ही. वर बसायचं. मान नाही हलवायची, तोंडाने बोल नाही म्हणायचा. मी रूपक वाजवतो, दर समेला फक्त 'हं' म्हण.

विलंबितच्या, म्हणजे संथ लयीच्या, जरा पुढे लावला त्यांनी. पहिली चार-पाच आवर्तनं आली. वाटलं आता घसरणार. नाही घसरलो. दहा झाली. मध्ये त्यांनी मुद्दाम चौथ्या मात्रेवर डग्गा जोरात घुमवला, मला हलवायला, तरी माझा हं पहिल्या 'ती'वरच. वीस आवर्तनं. सर थांबले आणि पहिल्यांदाच बरं म्हणाले. मी म्हटलं सर, कानात गेलं शेवटी! तुमच्या त्या कॅनडावाल्यांना कळवतो.

कोपऱ्यात कन्या हसत होती. म्हणाली, बाबा, तुमच्या उजव्या पायाचा अंगठा पूर्ण वेळ खाली-टाळी-टाळी करत होता.

मोजे घालून बसलो होतो, तरी दिसला तिला.